लशीचे ९५ टक्के आणि टाळेबंदीचा हिशेब

नोव्हेंबर २०२० मध्ये फायझर-बायोएनटेकने आपली कोविडवरची लस ९५ टक्के परिणामकारक असल्याचं जाहीर केलं. पुढची दोन-तीन वर्षं हा आकडा जगभर फिरत राहिला. काहींनी तो छातीठोकपणे सांगितला, काहींनी त्याची टर उडवली. तो आला कुठून असं विचारलं, तर मात्र दोन्हीकडचे बरेच जण चाचपडतात. खरं तर त्यामागचं गणित शाळकरी मुलालाही जमावं एवढं सोपं आहे.

चाचणीत साधारण ४३ हजार लोक होते. कुणाच्याही मर्जीवर न सोडता त्यांचे दोन गट पाडले. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं हे ना त्यांना ठाऊक, ना त्यांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना. दुसरा डोस होऊन सात दिवस उलटले की मोजणी सुरू. ज्यांना लक्षणं दिसली आणि तपासणीत कोविड पक्का झाला, असे एकूण १७० जण निघाले. त्यातले १६२ मीठपाण्याच्या गटात, ८ लशीच्या गटात. १६२ च्या जागी ८, म्हणजे जवळपास ९५ टक्क्यांनी कमी. एवढंच.

लस घेतलेल्या शंभरातल्या पाच जणांना कोविड होणार, असा याचा अर्थ अजिबात नाही. लशीच्या गटातल्या सुमारे साडेएकवीस हजारांपैकी आजारी पडले आठ, म्हणजे ०.०४ टक्के. मीठपाण्याच्या गटात हेच प्रमाण ०.७५ टक्के होतं. इथे टीकाकारांनी दुसरा आकडा उचलला. दोन गटांतला फरक जेमतेम ०.७ टक्क्याचा, मग ९५ चा एवढा डंका कशाला? त्यांची वजाबाकी बरोबर आहे. पण ती सरासरी दोन महिन्यांतली आहे. साथ लांबली, आणखी लोकांना लागण होत गेली, की ही वजाबाकी आपोआप मोठी होते. दोन महिन्यांत शंभरात एकालाही आजार झाला नसेल, तर जगातली कुठलीही लस शंभरात एकाहून जास्त माणसं वाचवू शकत नाही. दोन्ही आकडे एकाच कोष्टकातून निघालेले. आपल्या बाजूला सोयीचा असेल तो वापरायचा, हा खेळ दोन्हीकडून झाला.

या चाचणीने काय सांगितलं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. लक्षणं दिसणारा आजार टळतो का, एवढंच तिने मोजलं. लक्षणांशिवाय लागण होते का, लस घेतलेला माणूस दुसऱ्याला विषाणू देतो का, हे तपासलेलंच नव्हतं. मृत्यूबद्दलही ती फारसं सांगू शकत नव्हती. पहिल्या सहा महिन्यांत लशीच्या गटात सर्व कारणांनी मिळून १५ जण दगावले आणि मीठपाण्याच्या गटात १४. ‘लशीने एकही जीव वाचला नाही’ असं म्हणणारे हाच आकडा पुढे करतात. पण त्या गटांत कोविडने झालेले मृत्यूच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. तेवढ्यावरून ना होकार देता येतो, ना नकार. पुढे मीठपाण्याच्या गटालाही लस देऊ केली गेली. तसं करणं माणुसकीला धरूनच होतं, पण त्यामुळे दीर्घकाळ तुलना करायला लस न घेतलेला गट उरला नाही. त्यानंतरची सगळी माहिती प्रत्यक्ष समाजातून, दवाखान्यांच्या नोंदींतून आली, आणि ती फार सांभाळून वाचावी लागते.

रुग्णालयात लस घेतलेलेच जास्त का?

या वादातला सगळ्यात फसवा आकडा इस्रायलचा आहे. तिथे लसीकरण फार लवकर आणि झपाट्याने झालं. १५ ऑगस्ट २०२१ रोजी, डेल्टाच्या लाटेत, तिथल्या रुग्णालयांत कोविडचे ५१५ गंभीर रुग्ण होते. त्यातल्या ३०१ जणांचं लसीकरण पूर्ण झालेलं होतं. जवळपास ६० टक्के! बातमी वणव्यासारखी पसरली. लस निरुपयोगी असल्याचा याहून ढळढळीत पुरावा तो काय, असं वाटणं साहजिक होतं.

आता सावकाश पाहू. त्या वेळी लसीकरणाला पात्र असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी दोन्ही डोस घेतले होते आणि १८ टक्क्यांनी एकही नाही. लस घेतलेल्यांची गर्दीच एवढी मोठी, की रुग्णांतही त्यांची संख्या मोठी असणारच. म्हणून नुसते रुग्ण न मोजता दर लाखामागे किती, ते पाहायचं. न घेतलेल्यांत लाखामागे १६.४ गंभीर रुग्ण, घेतलेल्यांत ५.३. म्हणजे धोका सुमारे ६७ टक्क्यांनी कमी. बरं आहे, पण ९५ च्या मानाने फिकं.

खरी गंमत पुढे आहे. हेच रुग्ण वयानुसार वेगळे केले, तर पन्नाशीच्या आतल्यांत न घेतलेल्यांचं प्रमाण लाखामागे ३.९ आणि घेतलेल्यांचं ०.३ निघतं. म्हणजे संरक्षण जवळपास ९२ टक्के. पन्नाशीच्या पुढे ९१.९ विरुद्ध १३.६, संरक्षण ८५ टक्के. एका गटात ९२, दुसऱ्यात ८५, आणि दोन्ही एकत्र केले की ६७! वाचताना काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण चूक कुठेच नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी ९० टक्के लोकांनी लस घेतली होती, म्हणून लस घेतलेल्यांच्या गटात वयस्कर जास्त. न घेतलेल्यांत बहुसंख्य तरुण. लस न घेतलेल्या वयस्करांना गंभीर आजाराचा धोका तशाच तरुणांच्या वीसपटीहून अधिक होता. एकत्र हिशेब केला की आपण नकळत लस घेतलेल्या म्हाताऱ्यांची तुलना लस न घेतलेल्या तरुणांशी करतो. लशीचा प्रभाव वयाच्या ओझ्याखाली दबून जातो. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

वाद घालणाऱ्या कुणालाही पटकन उलगडा होईल असं हे कोडं नाही. आकडेवारी प्रसिद्ध करणाऱ्या सरकारी यंत्रणांनी मात्र ती वयोगटांसकट आणि अर्थासकट लोकांपुढे ठेवायला हवी होती. बहुतेक ठिकाणी नुसती बेरीज लोकांच्या हाती पडली.

पारडं उलट बाजूला झुकवणारी गल्लतही असते, आणि लशीच्या समर्थकांना तिची आठवण क्वचितच होते. स्वतःहून लस घ्यायला जाणारी माणसं बहुधा तब्येतीची जास्त काळजी घेणारी असतात. अगदी अंथरुणाला खिळलेल्या, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णाला लस टोचायला सहसा कुणी नेत नाही. त्यामुळे लस न घेतलेल्यांत मृत्यू जास्त दिसले, तर त्यातला काही भाग लशीशी संबंध नसलेला असू शकतो. शिवाय दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस होईपर्यंत माणसाला ‘पूर्ण लसीकरण झालेला’ धरायचं नाही, असा नियम बऱ्याच देशांत होता. मधल्या दिवसांतले रुग्ण कुठल्या खात्यात टाकले, यावरून आकडे थोडे हलतात. या शंका रास्त होत्या, त्या विचारणाऱ्याला लगेच लसविरोधक ठरवण्याचं कारण नव्हतं.

संसर्ग थांबेल, असं सांगितलं होतं ना?

सांगितलं होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तेव्हाच्या प्रमुख रोशेल वॉलेन्स्की यांनी मार्च २०२१ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितलं की लस घेतलेले लोक विषाणू वाहून नेत नाहीत. जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष जो बायडन म्हणाले की लस घेतली असेल तर कोविड होणार नाही. ही दोन्ही विधानं पुराव्याच्या पुढे धावणारी होती. त्याच जुलैत मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनला झालेल्या उद्रेकात नोंदल्या गेलेल्या ४६९ रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पूर्ण लस घेतलेले निघाले. मृत्यू एकही नव्हता, पण ‘होणारच नाही’ हे वाक्य तिथेच निकालात निघालं.

मग ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय संसदेत फायझरच्या एका अधिकारी म्हणाल्या की बाजारात आणण्यापूर्वी लस संसर्ग रोखते का याची चाचणी झाली नव्हती. मोठं गुपित फुटल्यासारखा गदारोळ झाला. गुपित मुळीच नव्हतं, चाचणीत काय मोजलं हे २०२० पासून छापील होतं. पण लोकांची फसवणूक झाल्याची भावना निराधार नव्हती. शोधनिबंधात एक लिहिलेलं आणि व्यासपीठावरून दुसरंच सांगितलेलं.

प्रत्यक्षात उत्तर विषाणूबरोबर बदलत गेलं. २०२१ च्या सुरुवातीला, अल्फा प्रकार असताना, इंग्लंडमधल्या घराघरांच्या अभ्यासात दिसलं की एक डोस घेतलेल्या रुग्णाकडून घरातल्यांना लागण होण्याची शक्यता ४० ते ५० टक्क्यांनी कमी होते. डेल्टाच्या वेळी हा फायदा घटला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला आणि चित्रच पालटलं. इंग्लंडच्या नोंदींनुसार फायझरच्या दोन डोसांचं लक्षणांच्या आजारापासूनचं संरक्षण सुरुवातीच्या आठवड्यांत ६५.५ टक्के होतं, ते २५ आठवड्यांनंतर ८.८ टक्क्यांवर आलं. गंभीर आजारापासूनचं संरक्षण त्या मानाने पुष्कळ टिकलं.

हा फरक का पडतो, ते समजून घेण्यासारखं आहे. दंडात टोचलेल्या लशीने रक्तात अँटिबॉडी तयार होतात. नाकाच्या आणि घशाच्या ओल्या अस्तरावर त्या पुरेशा पोहोचत नाहीत, आणि विषाणू तर तिथूनच शिरतो. काही महिन्यांत रक्तातल्या अँटिबॉडीही ओसरतात. मागे राहतात त्या विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी आणि लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या टी-पेशी. किल्ल्याच्या दरवाजावरचे पहारेकरी कमी झाले तरी आत शिबंदी शाबूत असावी, तसं हे आहे. शत्रू आत शिरतो, पण बालेकिल्ल्यापर्यंत, म्हणजे इथे फुप्फुसांपर्यंत, सहसा पोहोचत नाही. शिबंदी गोळा व्हायला काही दिवस लागतात. गोवराचा विषाणू माणसाला आजारी पाडायला दहा-बारा दिवस घेतो, तेवढ्यात ती सज्ज होते, म्हणून गोवराची लस वर्षानुवर्षं पुरते. ओमायक्रॉन तीनेक दिवसांत लक्षणं दाखवतो. ‘गोवराची लस घेतल्यावर गोवर होत नाही, मग ही कसली लस?’ या टोमण्याचं उत्तर बरंचसं या दिवसांच्या फरकात आणि विषाणूच्या रूप बदलण्यात आहे.

आणि सक्तीचा प्रश्न नेमका इथेच येऊन टेकतो. लस फक्त घेणाऱ्याला वाचवत असेल, तर न घेण्याचा धोका मुख्यतः त्याचा स्वतःचा. दुसऱ्यालाही वाचवत असेल, तरच ‘लस नाही तर प्रवेश नाही’ या नियमाला जोर येतो. २ मे २०२२ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने लशीच्या सक्तीविरुद्धच्या जेकब पुलियेल प्रकरणात हाच धागा पकडला. कुणावरही लशीची सक्ती करता येणार नाही, असं सांगताना न्यायालयाने केंद्राचं लसीकरण धोरण अवाजवी ठरवलं नाही. मात्र लस न घेतलेल्यांकडून होणारा संसर्ग घेतलेल्यांपेक्षा जास्त असतो, हे दाखवणारी माहिती सरकारांनी समोर ठेवलेली नाही, म्हणून लस न घेतलेल्यांना सार्वजनिक ठिकाणी अडवणं त्या घडीला प्रमाणाबाहेरचं आहे, असं म्हटलं. जगभर चाललेल्या कल्लोळात एवढा नेमका युक्तिवाद मला तरी फार कमी ठिकाणी दिसला.

दुष्परिणामांचंही असंच आहे. ते होते, दुर्मीळ होते, आणि सगळ्या वयांत सारखे नव्हते. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर काही जणांत प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) घटून रक्ताच्या गाठी झाल्या. ७ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटनने तिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस देण्याची शिफारस केली, डेन्मार्कने ती लस बंदच केली. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए प्रकारच्या लशींनंतर मुख्यतः तरुण मुलग्यांमध्ये, दुसऱ्या डोसनंतर, हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याचे प्रकार आढळले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वीडन, फिनलंड यांनी तरुणांसाठी मॉडर्नाची लस थांबवली. ऐंशीच्या आजोबांसाठी जो सौदा निर्विवाद फायद्याचा होता, तो अठरा वर्षांच्या धडधाकट मुलासाठी, तेही एकदा कोविड होऊन गेल्यावर, तेवढा स्पष्ट नव्हता. दोघांना एकच घोषणा ऐकवली गेली.

निर्बंधांचा हिशेब लागतो का?

लशीची निदान चाचणी तरी घेता येते. निम्म्या देशांत टाळेबंदी आणि निम्म्यांत नाही, असा प्रयोग कुणी करत नाही. मग अंदाजांवर भिस्त ठेवावी लागते. १६ मार्च २०२० च्या, लंडनमधल्या इम्पिरियल कॉलेजच्या अहवालात ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत २२ लाख मृत्यूंचा आकडा होता. तो पुढे ‘खोटं ठरलेलं भाकीत’ म्हणून गाजला. अहवालात तो ‘सरकारने काहीच केलं नाही आणि लोकांनीही वागणं जराही बदललं नाही तर’ या अटीवर होता. अट गळून पडली, आकडा तेवढा लक्षात राहिला.

लोक वागणं बदलतातच. ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सायव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत मोबाइल फोनच्या नोंदींवरून दुकानांतली वर्दळ तपासली. वर्दळ ६० टक्क्यांनी घटली होती, त्या ६० पैकी जेमतेम ७ सरकारी आदेशांच्या खात्यात पडत होते. उरलेले लोक आदेशाआधीच, भीतीने घरी बसले होते. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंची पंचाईत करतो. टाळेबंदीने लाखो जीव वाचले म्हणणाऱ्यांना श्रेय कमी घ्यावं लागतं आणि टाळेबंदीने अर्थव्यवस्था बुडवली म्हणणाऱ्यांना दोष कमी द्यावा लागतो. पण तो अमेरिकेचा आहे. रोजच्या मजुरीवर पोट असलेल्याला भीती वाटली म्हणून घरी बसणं परवडत नाही, तिथे आदेशाचं वजन आणि त्याची झळ दोन्ही वेगळी असणार.

स्वीडनचं नाव तर दोन्हीकडून घेतलं जातं. तिथे ‘काहीच बंद नव्हतं’ ही दंतकथा आहे. ५० पेक्षा जास्त लोकांच्या जमावाला बंदी होती, महाविद्यालयं ऑनलाइन गेली होती. लहान मुलांच्या शाळा मात्र चालू राहिल्या आणि घराबाहेर पडायला मनाई नव्हती. २०२० मध्ये नॉर्वे, फिनलंड, डेन्मार्क या शेजाऱ्यांपेक्षा तिथे पुष्कळ जास्त माणसं गेली, त्यात वृद्धाश्रमांतली खूप. साथीची सगळी वर्षं एकत्र धरली, तर नेहमीपेक्षा झालेले जास्तीचे मृत्यू युरोपात कमी असलेल्या देशांत स्वीडन येतो. तिथल्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिलेला निवाडाही असाच दुपदरी होता. सक्तीपेक्षा सल्ल्यावर भर देणं मुळात योग्य, पण सुरुवातीची पावलं उशिरा आणि अपुरी टाकली.

मास्कवर थोडक्यात. मास्क विषाणू अडवतो का आणि मास्कचा नियम साथ अडवतो का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. बांगलादेशात सुमारे ६०० गावांत झालेल्या मोठ्या प्रयोगात मास्क वापरणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ पर्यंत गेलं आणि लक्षणांचा कोविड साधारण दहा टक्क्यांनी घटला. परिणाम आहे, पण माफक. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या जानेवारी २०२३ च्या आढाव्यानंतर ‘मास्क निरुपयोगी ठरले’ अशा बातम्या आल्या, तेव्हा कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनाच खुलासा करावा लागला की आढाव्यातून ठाम निष्कर्ष निघत नाही.

शाळांबद्दल मात्र मला फारसा संभ्रम वाटत नाही. एका टप्प्यावर जगभरात सुमारे १६० कोटी विद्यार्थी शाळेबाहेर होते. युगांडात तर शाळा जवळपास दोन वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये पूर्णपणे उघडल्या. या आजाराचा धोका ज्यांना सर्वांत कमी, त्यांच्यावर सर्वांत लांब बंदी. पहिल्या काही महिन्यांत ते समजण्यासारखं होतं. उपाहारगृहं उघडी आणि शाळा बंद, हा क्रम समजण्यासारखा नव्हता.

लस आणि निर्बंध यांना वेगवेगळं जोखण्यातही एक घोळ आहे. न्यूझीलंड आणि हाँगकाँग, दोघांनी जवळपास दोन वर्षं विषाणूला वेशीबाहेर थोपवलं. २०२१ च्या अखेरपर्यंत हाँगकाँगमध्ये कोविडचे एकूण मृत्यू दोनशेच्या थोडे वर होते. न्यूझीलंडने त्या उसंतीत वृद्धांचं लसीकरण जवळपास पूर्ण केलं. हाँगकाँगमध्ये लस मुबलक असूनही डिसेंबर २०२१ मध्ये साठीच्या पुढच्या निम्म्या लोकांनीही दोन डोस घेतलेले नव्हते. साथ नाहीच, मग टोचून कशाला घ्यायचं, हा विचार होता. मग ओमायक्रॉन आला. काही महिन्यांत तिथे ९ हजारांवर माणसं गेली. ६ जानेवारी ते २१ मार्च २०२२ या काळातल्या मृतांपैकी ९६ टक्के साठीच्या पुढचे होते, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांनी एकही डोस घेतलेला नव्हता. तोच विषाणू, तेच कडक निर्बंध, फरक होता मिळालेल्या वेळेचं काय केलं यात.

मग लशींनी एकूण किती जीव वाचवले? इम्पिरियल कॉलेजच्या गटाने जून २०२२ मध्ये पहिल्या एका वर्षाचा अंदाज दिला तो १ कोटी ४४ लाखांचा. नोंद न झालेले मृत्यूही धरले तर १ कोटी ९८ लाखांचा. २०२५ मध्ये जॉन योआनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०२० ते २०२४ या साऱ्या काळासाठी आकडा काढला सुमारे २५ लाखांचा. एवढी तफावत येते ती गृहीतकांमुळे. लस नसती तर किती लोकांना लागण झाली असती, त्यातले किती दगावले असते, आधीच्या लागणीने किती संरक्षण मिळालं होतं, यातलं प्रत्येक उत्तर अंदाजाचं असतं आणि अंदाज एकमेकांना गुणत जातात. योआनिडिस हे मार्च २०२० पासून टाळेबंदीच्या आणि भीतिदायक भाकितांच्या ठळक टीकाकारांपैकी एक. त्यांच्या हिशेबातही वाचलेल्यांपैकी नव्वद टक्के लोक साठीच्या पुढचे आहेत, आणि मुलं व तरुण यांचा वाटा अगदी किरकोळ.